आयता ग्रुप

चौकशीच्या खिडकीतल्या बाईंनी धाकटीला विचारलं, "कुठली शाखा घ्यायचीय?" उत्तर थोरलीनं दिलं. नाव विचारलं, तेही थोरलीनंच सांगितलं. धाकटी शेजारी उभी राहून मान हलवत होती.

"वकीलबाई, अशिलालाही बोलू द्या की जरा," बाप म्हणाला. घरात हा विनोद जुना झाला होता. कुणी हसेना, तेव्हा तो एकटाच हसला.

कॉलेज बघून झालं आणि तिघं कॅंटीनमध्ये येऊन बसली. धाकटीला दोन ठिकाणी प्रवेश मिळत होता. एक हे, लांबचं, होस्टेलचं, जिथे ओळखीचं चिटपाखरूही नव्हतं. दुसरं घराजवळचं, थोरली शिकत होती ते. शिकवणं दोन्हीकडे सारखंच. अडत होतं ते धाकटीच्या स्वभावापाशी. शाळेत तिला ज्या काही मैत्रिणी होत्या, त्या मुळात थोरलीच्या. बाप शिंपी. थोरलीचे कपडे आत घेऊन तो धाकटीला घालायला द्यायचा, तशाच त्या मैत्रिणीही तिच्याकडे आल्या होत्या.

"आमच्याकडे माझा अख्खा ग्रुप आहे," थोरली म्हणाली. "हिला आयता मिळेल. इथे भिंतींशी बोलत बसेल ही."

धाकटी टेबलावरचा चहाचा डाग बोटानं पुसत राहिली.

"जा गं, तीन चहा घेऊन ये," बाप तिला म्हणाला.

"मी आणते ना," थोरली लगेच उठली.

"तिला सांगितलंय."

धाकटी गेली. पण काउंटरपर्यंत पोचलीच नाही. वाटेत कोपऱ्यात तिघंजण कॅरम खेळत होते, तिथे ती बघत उभी राहिली. त्यांच्यातल्या एका मुलीनं मान वर करून काहीतरी विचारलं. धाकटी काहीतरी बोलली. मग तिघंही हसले.

"हसताहेत तिला. मी बघते."

"बस खाली."

"बाबा, तिला नाही जमत असलं काही."

"जमतंय की. तुझं काय बिनसलंय?"

 थोरली खाली बघत म्हणाली, "माझा ग्रुपबिप काही नाहीये, बाबा. वर्गात सगळ्यांच्या तक्रारी मीच मांडते, सहलीचं मीच बघते. काम झालं की जो तो आपापल्या कंपूत. डबा मी एकटीच खाते. ही आली असती, तर दोघी झालो असतो."

बापाला फार वाईट वाटलं. धाकटीच्या काळजीत सगळं घर बुडालं होतं, आणि जिची कुणाला काळजीच नव्हती ती ही अशी. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.  त्यानं नुसता तिच्या पाठीवर हात ठेवला.

तेवढ्यात धाकटी आली. हातात चहा नव्हता.

"त्यांना चौथा भिडू हवाय," ती म्हणाली. "आणि बाबा, मी इथेच येणार." एवढं एका दमात बोलून, उत्तराची वाटही न बघता ती परत गेली.

थोरली तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिली. डोळे पुसले, नाक ओढलं.

"चहा राहिलाच," बाप म्हणाला. "आता तू आण."

काउंटरपुढे रांग होती. थोरली शेवटी जाऊन उभी राहिली, हातांची घडी घालून. पुढची मुलगी वळली आणि हसून म्हणाली, "इथे पहिल्यांदाच दिसतेयस. एकटीच आलीस का?"

साधा प्रश्न. पण दुसऱ्यांच्या वतीनं धाडधाड बोलणाऱ्या थोरलीला स्वतःच्या वतीनं काही सुचेना. तिनं वळून बापाकडे पाहिलं.

बाप झटकन टेबलाखाली वाकला आणि बुटाची नाडी बांधू लागला. पायात त्याच्या चपला होत्या.