बाईंचा शेवटचा सूर

"वाऽऽहवा!"

अध्यक्षांची दाद सुटली आणि बाईंचा सूर तिथेच मिटला. टाळ्या पडल्या. पहिली रांग कौतुकाने वळली ती मात्र अध्यक्षांकडे. गाणं बाईंनी म्हटलं होतं, पण कृतकृत्य अध्यक्ष दिसत होते.

एरवी ते रंगाचं दुकान चालवत. पण बाईंच्या रसिक मंडळाचे ते अध्यक्ष होते, आणि घरीदारी सगळे त्यांना अध्यक्षच म्हणत. आजवर मंडळाने बाईंना ऐकलं ते मैदानांतून, लांबून, अंगठ्याएवढ्या दिसायच्या तेव्हा. आज पहिल्यांदाच एवढंसं नाट्यगृह, मोजक्या खुर्च्या, माईकसुद्धा नाही. बाईंच्या साडीचा काठ दिसत होता. अध्यक्षांनी खास नवा कोट शिवला होता, कारण त्यांची एकच इच्छा उरली होती. बाईंनी आपल्याला एकदा तरी ओळखावं.

ओळखण्यासारखं त्यांच्याकडे होतंही. एका मैफलीच्या ध्वनिमुद्रणात गर्दीच्या वर त्यांची 'वाहवा' खणखणीत ऐकू येते. घरी पाहुणे आले की अध्यक्ष गाणं पुढे ढकलून थेट तिथे आणत आणि म्हणत, "आता ऐका हं." त्या वेळी त्यांच्या पत्नीला हमखास स्वयंपाकघरात काम निघे.

बाईंच्या गाण्यातल्या एका जागेवर तर अध्यक्षांचा विशेष जीव होता. बाई शेवटचा सूर अगदी आखूड घेत. लागला न लागला तोच संपला. "सूर ताणतो कोणीही," अध्यक्ष मंडळाला समजावत, "तो असा अलगद सोडून द्यायला काळीज लागतं." मंडळ माना डोलवत असे.

मध्यंतर झालं. पडद्यामागून नाट्यगृहाचा व्यवस्थापक आला. "मघाशी दाद कोणी दिली? बाईंनी बोलावलंय."

पहिल्या रांगेचा श्वास अडकला. अध्यक्ष उठले. मंडळाच्या खजिनदारांनी त्यांच्या कोटाची पाठ हाताने झटकून दिली, मुलाला बोहल्यावर पाठवावं तशी.

बाई आतल्या खोलीत चपला काढून, पाय लांब करून बसल्या होत्या. हातात गरम पाण्याचा पेला. जवळून त्या बऱ्याच थकलेल्या दिसत होत्या.

"तुम्हीच का ते? आवाज लगेच ओळखला मी. इतकी वर्षं गर्दीत शोधत होते तुम्हाला."

अध्यक्षांचे डोळे डबडबले. "बाई, माझं भाग्य!"

"बसा. एक विचारायचं होतं. माझा सूर संपायच्या आत तुम्ही दाद का देता हो?"

"राहवतच नाही."

"तेच झालंय सगळं. पूर्वी तो सूर मी चांगला लांब घ्यायचे. तुम्ही मध्येच ओरडलात की दचकायला व्हायचं. म्हणून तुमच्या आधी संपवायला लागले. तर तुम्ही आणखी आधी! मी आखडत गेले, तुम्ही गाठत गेलात. आता एवढासा उरलाय." बाईंनी नखाचं टोक दाखवलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "शेवटचं गाणं अजून व्हायचंय. आज एकदा पुरतं गाऊ द्याल? माझाही दम आता किती दिवसांचा?"

अध्यक्षांना कोट एकाएकी घट्ट झाला. ज्या कलेवर आपण प्रवचनं झोडली, ती आपल्याच घशाच्या धास्तीने काढलेली पळवाट होती! त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चकार शब्द काढणार नाही. वचन देतो."

परत येताना त्यांनी ठरवलं, मंडळाला सगळं सांगून टाकायचं. पण पहिली रांग डोळ्यांत प्राण आणून बसली होती.

"काय म्हणाल्या बाई?" खजिनदारांनी विचारलं.

अध्यक्षांनी रांगेवरून एकदा नजर फिरवली. "म्हणाल्या... इतकी वर्षं गर्दीत मलाच शोधत होत्या."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. खजिनदारांना भरून आलं. बातमी रांगेच्या टोकापर्यंत गेली.

शेवटचं गाणं शेवटाला आलं. अध्यक्षांनी रुमालाचा बोळा करून दातांत धरला. बाईंनी सूर लावला. नेहमी तुटायचा तिथे तो आला, आणि सरळ पुढे निघून गेला. बारीक झाला, थरथरला, पुन्हा भरला. अध्यक्षांच्या डोळ्यांना धार लागली. एवढं सगळं आत होतं आणि आपण जन्मभर उंबऱ्यावरच आरडाओरडा करत बसलो! बाईंनी डोळे मिटले होते. सूर अजून चढतच होता.

खजिनदार चुळबुळू लागले. त्यांनी अध्यक्षांना कोपर लावून पाहिलं. अध्यक्षांनी जोरजोरात मान हलवली, पण तोंडातला बोळा काढला नाही. खजिनदारांनी बाईंकडे पाहिलं, पुन्हा अध्यक्षांकडे पाहिलं. मग ते निर्धाराने उभे राहिले आणि त्यांनी रांगेला हाताने खूण केली.

"वाऽऽहवा!" अख्खं मंडळ एका सुरात गरजलं.

बाई दचकल्या. सूर तुटला. त्यांनी एकदा अध्यक्षांकडे पाहिलं, सभागृहाला हात जोडले आणि त्या आत निघून गेल्या.

खजिनदार घाम पुसत खाली बसले आणि अध्यक्षांच्या कानाशी लागले. "तुमचा कंठ दाटलाय, कळलं मला. पण किती वेळ बघत बसायचं? बिचाऱ्या बाई केव्हापासून सूर धरून तुमच्यासाठी थांबल्या होत्या!"