आत कोण बसलंय?

सुपेला वस्तीतल्या लिनक्सच्या कॉम्प्युटर क्लासात शामसुंदर सरांच्या तोंडाला सारी पोरं टरकून असायची.

सर्व्हरवरचा सामायिक फोल्डर सोडवायचा, म्हणजे सर्व्हरपासून वेगळा करायचा, तर आधी सगळ्यांना त्यातून बाहेर पडावं लागतं. एक जरी आत राहिला, तरी तो सुटत नाही. सर्व्हरच्या स्क्रीनवर ‘बिझी’ येतं. आज दुपारपासून तेच येत होतं.

"कोन बसलं हाये बे आत?" सर खेकसले.

"आमी सारे निघालो, सर," पुढच्या रांगेतली मोनाली म्हणाली.

"मंग काय भूत बसलं? मस्ती करून राहिले मायासंग!"

सरांनी पोरांची सगळी मशिनं बंद करवली. तरी बिझी. पोरांना बाहेर हाकललं, नेटवर्कच्या केबली स्वतः उपटल्या. तरी बिझी.

आता मात्र त्यांचं डोकं सणकलं. रिकाम्या खोलीत टेबलावर मूठ आपटून ते गरजले, "निघ म्हनलं ना बाहेर!"

फोल्डर सुटला.

सर खुशीत हसले. तेवढ्यात शेवटच्या रांगेतली खुर्ची मागे सरकली, कोणी उठताना सरकते तशी.

मग दाराची कडी आतून लागली.