विसावा अर्ज

"एकोणीस झाले, वीस हवेत," प्राचार्य घड्याळाकडे पाहत म्हणाले. "पाचपर्यंत आणखी एक अर्ज आला नाही, तर यंदा संगीताचा वर्ग निघणार नाही."

एस्तेरचे डोळे भरले. मिशन कॉलेजात आधी विज्ञान सुरू झालं, मग कॉमर्स, आणि यंदा कुठे संगीताची पदविका सुरू होणार होती. तिने पहिल्याच दिवशी अर्ज भरला होता. सोबत आलेले तिचे आजोबा, शांतवनराव, उठून कारकुनाच्या खिडकीशी गेले.

"वयाची अट आहे का हो?"

"नाही," कारकून म्हणाला. "दहावी पास हवं."

"मग एक अर्ज द्या."

"आजोबा, तुम्ही?" एस्तेर दचकली. "तुम्ही गायलात की आजी चर्चमध्ये कोपर मारायची!"

"मारायचीच. म्हणायची, हळू म्हणा, पाळकसाहेबांची चाल चुकते."

आजीला जाऊन वर्ष झालं होतं. तेव्हापासून उपासनेत गीत सुरू झालं, की ते पुस्तक उघडून नुसते उभे राहत.

"एक कडवं म्हणून दाखवा," प्राचार्यांशेजारी बसलेल्या गायनाच्या बाई म्हणाल्या.

त्यांनी डोळे मिटले आणि आजीचं आवडतं गीत मोठ्याने म्हटलं. सूर पार भरकटला. एस्तेर पोट धरून हसली, प्राचार्यही हसले. एका कडव्यावर थांबायचं होतं. शांतवनराव पाचही म्हणाले.

बाईंनी हसू आवरत अर्जावर सही केली. "झाले वीस! पण आजोबा, पदविका एकाच वर्षाची आहे. तुमचं तेवढ्यात नाही भागायचं."

"मग पुढच्या वर्षी पदवीचा वर्ग काढा," ते प्राचार्यांना म्हणाले. "आम्ही दोघं आहोतच."