अँसेल्मचा सदरा

झेली डोळ्याखाली काळंनिळं घेऊन क्रूज नदीच्या धुण्याच्या घाटावर आली, तेव्हा कुणी काही विचारलं नाही. एखादीला नवऱ्यानं मारलं की दुसऱ्या दिवशी त्याचा सदरा सगळ्याजणी मिळून बडवत, ही तिथली रीतच होती. कपडे बडवायची चार लाकडी धोपटणी वर गेली.

"पहिला माझा, पाठीत!" फाँशॉन म्हातारी म्हणाली.

"बरगड्या माझ्यासाठी ठेवा गं!"

झेलीही हसली; फुटलेला ओठ ठणकला. तिचा नवरा अँसेल्म सकाळीच नदीच्या खालच्या अंगाच्या गावी गिरणीवर गेला होता.

मग पाण्यात लाल धार दिसली.

"वरच्या गावात डुक्कर कापलं असेल," कुणीतरी म्हणालं.

पण धार खालून येत होती. प्रवाहाच्या उलट, दर तडाख्यासरशी हातभर वर सरकत होती.

"पुरे! मरेल तो!" झेली ओरडली.

"सदरा कधी मरतो का, वेडे?" फाँशॉन म्हणाली.

तडाखे थांबेनात, तशी झेली सदऱ्यावर आडवी पडली. तेवढ्यात फाँशॉननं पाण्याकडे पाहिलं आणि तिचं हसू मावळलं. दोन्ही हातांनी ती धोपटणं मागं खेचू लागली.

ते खाली येतच होतं.