मिश्रीतलं बोट

राखीव नमुन्याच्या बरणीत, मिश्रीच्या मधोमध, बोट बुडवल्यासारखा खळगा होता. झाकणावरचं लाखेचं सील मात्र शाबूत होतं.

भाजलेल्या तंबाखूची ही पूड चाकणच्या आसपासच्या बायका दातांना लावतात. या मालात आर्सेनिक होतं. दर तपासणीत तेच निघत होतं आणि आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख गोरक्ष सर दर वेळी म्हणत होते, "परत तपासा, मॅडम. पार्टी जुनी आहे."

मी बरणी हलवून पूड सपाट करायचे आणि कपाटाला कुलूप लावायचे. सकाळी खळगा पुन्हा तिथेच असायचा.

"उंदीर पीएचडी झालेला दिसतोय," माझी सहकारी अफरीन हसली. मग तिने बरणी उजेडात धरली. "आमची नानी अस्संच बोट बुडवते. हीच मिश्री लावते."

आज सर दारातूनच म्हणाले, "माल संध्याकाळी निघतोय. आता पास करून टाका."

मी बरणी उचलली. खळग्याशेजारी दुसरा खळगा होता, लहान पोरीच्या बोटाएवढा. माझ्या डोळ्यांसमोर तो सावकाश खोल होत गेला.

"सर," मी म्हणाले, "हा माल मी नापास करतेय."