कॅनच्या रिंगा

हृषिकेशने बोटातली सोन्याची अंगठी काढून लॉनवर टाकली आणि गुरुदत्तांच्या धातू शोधायच्या मशिनची तबकडी तिच्यावरून फिरवली. मशिन गप्प. पुन्हा फिरवली. तरी गप्प.

"काका, हेच मशिन घेऊन फिरताय तुम्ही?"

"दर शनिवारी," गुरुदत्त म्हणाले. "म्हणून तर तुझ्याकडे आलो. नवं कुठलं घेऊ ते सांग. ह्याला सोनं काही सापडत नाही बघ."

हृषिकेश ब्लॅकटाउनचा डॉक्टर. सुट्टी मिळाली की असलंच मशिन घेऊन बीचवर लोकांची हरवलेली नाणी शोधायचा त्याला भारी नाद. गुरुदत्तांना कसला आलाय नाद! त्यांना एकच वस्तू हवी होती. मुलीचं मंगळसूत्र.

नीरजा आणि निनाद, म्हणजे त्यांची मुलगी आणि जावई, डोंगरातल्या जंगलात कॅम्पिंगला गेले होते. सकाळी नीरजा ओढ्याच्या अंगाने फिरायला म्हणून उतरली ती परत आलीच नाही. असं निनादने सांगितलं. पोलिसांनी सगळा ओढा पालथा घातला, हेलिकॉप्टर फिरवलं आणि शेवटी हात टेकले. गेली म्हणून रडावं तर कशाच्या जोरावर, आणि येईल म्हणून किती दिवस दाराकडे बघत बसावं? मंगळसूत्र तरी मिळालं तर पोरीचं दिवसकार्य करता येईल. म्हातारा तेवढंच मागत होता.

निनादने त्यांना परत जाऊ दिलं नव्हतं. "बाबा, पुण्यात एकटे काय करणार तुम्ही?" म्हणून पेंडल हिलच्या घरातच ठेवून घेतलं. मशिनही त्यानेच आणलं. स्वतः इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनियर. महिनाभर वाचत बसला, चार मशिन ताडून पाहिली, मग हे निवडलं. शनिवारी स्वतः गाडी काढून त्यांना ओढ्यावर न्यायचा. जावई असावा तर असा, असं स्टेशनजवळच्या दुकानांत बायका बोलायच्या. खोटं काय होतं त्यात? शोभा गेली, म्हणजे गुरुदत्तांची बायको, तेव्हा सगळे नुसते रडत बसले होते. तिच्या तोंडात सोनं ठेवायचं राहिलंय हे आठवलं ते निनादलाच. त्यानेच तिच्या मंगळसूत्रातली एक वाटी तोडली आणि तुळशीच्या पानाबरोबर तिच्या तोंडात ठेवली. गुरुदत्त ते कधी विसरले नाहीत.

"हे बघा," हृषिकेश स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाला, "इथला आवाज कुणीतरी बंद करून ठेवलाय."

"निनादने. अरे, कॅन उघडायच्या त्या रिंगा सारख्या वाजायच्या. वाकून वाकून माझी कंबर धरायची. म्हणाला, बाबा, रिंगा वाजणारच नाहीत असं करून देतो."

"अहो काका! मशिनला कॅनची रिंग आणि सोनं सारखंच ऐकू येतं. रिंगा बंद म्हणजे सोनंही बंद. ही तर ह्यातली बाराखडी आहे."

गुरुदत्त बोटांवर शनिवार मोजू लागले. इतके शनिवार! ते मंगळसूत्र कितीदा पायाखालून गेलं असेल, देव जाणे.

"त्याला माहीत नसणार रे," ते म्हणाले.

"नसेलही." हृषिकेशने बटणं दाबली, तबकडी फिरवली. अंगठीवर मशिन खणखणीत वाजलं. "नवं काही घेऊ नका, हे एक नंबर आहे. उद्या मीच नेतो तुम्हाला."

निनाद ऑफिसच्या कामाला अ‍ॅडलेडला गेला होता. संध्याकाळी त्याचा फोन आला तेव्हा गुरुदत्त ह्यातलं काही बोलले नाहीत. आपल्या हातून अशी चूक झाली हे कळलं तर पोराच्या जिवाला लागेल. मंगळसूत्र हातात आलं की मगच सांगू, असं त्यांनी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी ओढ्याकाठी मशिन सारखं वाजत होतं. रिंगा, चांदीचे कागद, पुन्हा रिंगा. गुरुदत्त प्रत्येक आवाजाला वाकले. कंबर गेली खड्ड्यात, म्हणाले. दुपार झाली, पण सोन्याचा कण दिसला नाही.

"चहा घेऊ, काका," हृषिकेश म्हणाला आणि गाडीतून थर्मास काढू लागला.

गाडीच्या मागे, चढावर, वॉटलचं झाड पिवळंधमक फुललं होतं. निघायच्या आधी निनाद नेहमी त्याच्यापाशी जाऊन डोळे मिटून हात जोडायचा. गुरुदत्त लांबच थांबत. दुःख ज्याचं त्याचं असतं. एकदा ते मशिन घेऊन तिकडे वळले होते, तर तो म्हणाला होता, "तिथे नको बाबा, लोक गाड्या लावतात. नुसता कचरा वाजेल."

आज निनाद नव्हता. त्याच्या वतीने आपणच हात जोडावेत, असं त्यांच्या मनात आलं. ते झाडापाशी गेले, मशिन खाली टेकवलं आणि डोळे मिटले.

मशिन वाजलं.

आणखी एक रिंग, असं म्हणत ते गुडघ्यांवर बसले. पावसाने तिथली माती बरीच वाहून गेली होती. खुरपं कशावर तरी घासलं. आधी त्यांना दगड वाटला.

"हृषिकेश! अरे, इकडे ये!"

हृषिकेश धावत आला. त्याने हाताने माती बाजूला केली आणि हात तिथेच थांबला. डॉक्टर माणूस, त्याला काही विचारावं लागलं नाही.

"काका, तुम्ही गाडीत बसा. मी पोलिसांना फोन करतो."

"मंगळसूत्र आहे का गळ्यात, ते बघ आधी." गुरुदत्त उठायला तयार नव्हते. "तीच आहे का ते बघ रे!"

"गळ्यापाशी काहीच नाही, काका."

"मग वाजलं कशावर?"

हृषिकेशने तबकडी पुन्हा फिरवली. मानेवर मशिन गप्प राहिलं. जरा वर नेल्यावर वाजलं. गुरुदत्तांनी वाकून बोटाने माती काढली. दातांच्या आत, जिथे जीभ असते तिथे, मंगळसूत्रातली एक वाटी जपून ठेवलेली होती.