जुनी सवय

डोक्यावरच्या टोपीने काकांच्या मनातली हालचाल ओळखायची आणि हाताला बांधलेल्या यंत्राने तो लुळा हात उचलायचा, असा सगळा बेत. वीस दिवस झाले, हात ढिम्म.

"काकू, या हाताची एखादी जुनी सवय सांगा ना. काका तीच मनात आणतील," थेरपिस्ट म्हणाली.

काकूंनी त्या हातावरची नजर काढून घेतली. "चहाचा कप उचलायचे."

कप समोर ठेवला, तरी काही नाही.

"काका, आता नाटकं पुरे हं!" थेरपिस्ट हसत म्हणाली.

कप परत उचलताना तो काकूंच्या हातून निसटला. कोमट चहा काकांच्या मांडीवर सांडला.

यंत्र खर्रकन फिरलं. हात थेट खांद्याच्या वर गेला.

"उचलला! काकू, बघा तरी!" थेरपिस्टने टाळ्या पिटल्या.

काकू तोवर दोन्ही हातांनी डोकं झाकून भिंतीला चिकटल्या होत्या.